वाचकांचे प्रश्न : सिम्युलेटरचे गुण आणि सरांचे मत

प्रश्न : माझी मुलगी एम.एस. जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या विभागात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावासाठी सिम्युलेटर आला असून, तो लागलेला वेळ, हातांच्या हालचाली आणि चुका मोजून गुण देतो. तिला गुण चांगले मिळतात, तरीही सर शस्त्रक्रियेत तिला पुढे होऊ देत नाहीत. विश्वास कोणावर ठेवावा? – एक पालक, सांगली

उत्तर : दोघांवरही ठेवावा, कारण दोघांची नजर वेगवेगळ्या गोष्टींवर असते. सरावातील एक नेहमीची चाचणी पाहा. गॉजवर आखलेले वर्तुळ रेषा न सोडता कात्रीने कापायचे असते. कात्री उजव्या हातात असली, तरी खरी कसोटी डाव्या हाताची लागते. त्यातील ग्रास्परने (पकडण्याच्या लांब चिमट्याने) गॉज योग्य दिशेला आणि बेताने ताणून धरला नाही, तर तो सुरकुततो आणि कात्री भरकटते. (डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.) यंत्र ही चूक नेमकी टिपते आणि त्याला कोणाची मर्जी सांभाळायची नसते, म्हणून नवख्यांसाठी ते मोलाचे आहे.

पित्ताशय काढताना मात्र रेषा कोणी आखून दिलेली नसते. पित्ताशयाची नलिका आणि रोहिणी या दोनच रचना पित्ताशयात शिरताना स्पष्ट दिसेपर्यंत क्लिप लावायची नाही, आणि सुजेमुळे त्या दिसतच नसतील तर हात थांबवून वरिष्ठांना बोलवायचे, हा निर्णय सिम्युलेटरच्या घड्याळात केवळ वाया गेलेला वेळ म्हणून नोंदला जाईल.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटते ते चित्रीकरण, आणि दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातून ते आयतेच मिळते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी आपापला एकेक व्हिडिओ दिला आणि इतर सर्जननी, तो कोणाचा हे माहीत नसताना, त्यांना गुण दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी गुणांच्या पाव गटाच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुणांच्या पाव गटात ५.२ टक्के आढळले. ते सर्जन शिकाऊ नव्हते, हे ध्यानात ठेवावे. आणि गुण देणारीही माणसेच होती.

तेव्हा मुलीने सरांना विनंती करावी की, तिने केलेल्या एखाद्या टप्प्याचा व्हिडिओ त्यांनी तिच्यासोबत बसून पाहावा आणि टोरांटोत नव्वदच्या दशकात तयार झालेल्या ‘ओसॅट्स’ पत्रकाप्रमाणे ऊतींची हाताळणी, हत्यारांवरील पकड, पुढच्या पायरीची जाण अशा मुद्द्यांवर १ ते ५ गुण द्यावेत. चित्रीकरणासाठी रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारे रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक आधी पुसून टाकावेत. हे दोन्ही हमखास विसरले जाते.