वाचकांचे प्रश्न : पाण्याआधी हवाच मीटर फिरवते तेव्हा

प्रश्न : आमच्याकडे पाणी तीन दिवसांआड, तासभर येते. रेडिओद्वारे रीडिंग देणारे एएमआर मीटर बसवल्यापासून बिल वाढले आहे. नळाला थेंब येण्याआधीच मीटर गरगर फिरते. मीटर खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पाणी बंद झाले की जलवाहिनी रिकामी होऊन तिच्यात हवा भरते. पुढच्या पाळीला पाणी ती हवा पुढे ढकलते आणि 15 मिमीच्या घरगुती मीटरमधला पंखा हवेनेही फिरतो, तोही जोरात. रेडिओ फक्त आकडा पाठवतो. मोजणारा तो पंखाच.

पाळी सुरू होताना मीटरजवळचा कॉक बंद ठेवा आणि लाइनला दाब आल्यावर सावकाश उघडा. नळाला थेट मोटार लावू नका. ती हवेबरोबर गाळही ओढते आणि मीटरची जाळी तुंबते.

पाणी नीट वाहू लागले की मीटर तपासा. बाकीचे नळ आणि टाकीचा कॉक बंद करून 20 लिटरची खूण केलेली बादली पाचदा भरा. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार लिटरचे असतात; ×0.1 लिहिलेला लाल काटा 100 लिटरला एक घर सरकला पाहिजे. आयएस 779 या मानकानुसार नेहमीच्या प्रवाहाला नव्या मीटरची चूक 2 टक्क्यांपर्यंत चालते. बादलीचे माप काटेकोर नसते, पण फरक 10 लिटरच्या वर गेला तर मीटर चाचणीसाठी लेखी अर्ज द्या. शेवटी तो नळही बंद करा. तरीही तबकडीवरचे चांदणीसारखे चक्र हलत असेल, तर गळती मीटरच्या पुढे, तुमच्याच पाइपात आहे.

खरा उपाय मात्र नगरपालिकेच्या हातात आहे : वाहिनीच्या उंच जागांवर एअर व्हॉल्व्ह (अडकलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) आणि पाळ्यांमधले अंतर कमी करणे. कराडजवळच्या मलकापूरने एएमआर मीटरच्या जोडीला चोवीस तास पाणी दिले. पाइप सतत भरलेला असला की हवेला शिरायला जागाच उरत नाही. तीन दिवसांआड पाणी देऊन असे मीटर बसवणे म्हणजे लोकांकडून हवेचे पैसे घेणे, आणि ते अन्यायाचे आहे.

प्रश्न : बिलावरचे रीडिंग मीटरशी जुळत नाही. काय करावे?

उत्तर : आधी मीटरवरचा अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहा. नोंदणी करताना शेजाऱ्याचा क्रमांक तुमच्या खात्याला जोडला जातो, किंवा बसवतानाचे सुरुवातीचे रीडिंग भरायचे राहते. अनुक्रमांक आणि आकडे दोन्ही दिसतील असा तारखेसह फोटो अर्जाला जोडा आणि पोच घ्या.