टिलर बोट घेताना आधी मागची फळी बघा

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ऑन्टॅरिओ भागातल्या मराठी वाचकांचे, आणि शेवटी रत्नागिरीच्या एकाचा, असे अ‍ॅल्युमिनियम बोटींबद्दलचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. टिलर बोट म्हणजे स्टिअरिंग व्हील नसलेली बोट. चालवणारा मागे बसतो आणि इंजिनाच्याच दांड्याने ती वळवतो. इंजिन, पेट्रोल, बॅटरी आणि माणूस असा सगळा भार मागे येत असल्याने जवळजवळ प्रत्येक उत्तर फिरून ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगायच्या मागच्या उभ्या फळीवर येतं.

प्रश्न : आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. जवळची छोटी तळी, वर्षातून दोन-तीनदा मिल लॅक्सचं मोठं तळं. १४ फुटी पुरेल की १६ फुटी घ्यावी? (मिनिॲपोलिस)

१६ फुटी घ्या. लांबीपेक्षाही मोठं कारण वजनाचं आहे. अमेरिकेत २० फुटांखालच्या बोटीवर कपॅसिटी प्लेट असते. त्यावर तीन आकडे असतात : माणसं किती, माणसं-इंजिन-सामान मिळून वजन किती आणि जास्तीत जास्त हॉर्सपॉवर किती. बहुतेक लोक फक्त पहिला आकडा वाचतात. वाचायचा तो दुसरा.

हिशेब असा मांडा. २५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण १३० पौंड. सहा गॅलन पेट्रोल टाकीसकट ४५. स्टार्टिंग बॅटरी ४०. ट्रोलिंग मोटर (हळू चालायची छोटी विजेवरची मोटर) ४० आणि तिची बॅटरी ५५. नांगर, दोर २०. बर्फाचा डबा आणि मासेमारीचं सामान ५०. झाले ३८० पौंड, अजून माणूस चढलेला नाही. तुम्ही तिघं कपड्यांसह ४१० धरा. एकूण ७९०. एखाद्या १४ फुटी बोटीच्या प्लेटवर ७६० लिहिलेलं असेल तर निघण्याआधीच मर्यादा ओलांडली. १६ फुटीवर ११०० असेल तर ३१० पौंड हाताशी राहतात. जी बोट बघाल तिच्या प्लेटवरचा आकडा घालून हाच हिशेब पुन्हा करा. प्लेट पुसली गेली असेल तर अंदाजाचं सूत्र आहे : फुटातली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५, येतील तेवढी माणसं. पण ते शांत पाण्यासाठी आहे.

मिल लॅक्सचा तळ उथळ आहे, सगळ्यात खोल जागाही ४०-४२ फुटांच्या आसपास, आणि पाण्याचा पसारा सव्वा लाख एकरांच्या वर. अशा पाण्यात वारा सुटला की लाटा उंच नसल्या तरी आखूड आणि उभ्या येतात. तिथे बाजूच्या कडांची उंची आणि नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, व्ही आकार कामाला येतो. सपाट तळाची जॉन बोट लव्हाळ्यात, नदीच्या उथळ भागात उत्तम, पण मिल लॅक्सवर मूल घेऊन तिच्यात जाऊ नका. बोट उलटी, मागे-मागे चालवत वॉलाय मासा पकडायचा असेल तर लाट थेट ट्रान्समवर फुटते. म्हणून ट्रान्समवर लावायचे स्प्लॅश गार्ड आणि बोटीत साठलेलं पाणी बाहेर टाकणारा चालता बिल्ज पंप आधीच घ्या.

बोट १६ फूट किंवा जास्त असेल तर प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटखेरीज फेकता येईल असं एक तरंगतं साधन ठेवणं सक्तीचं आहे. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलाने बोट चालू असताना जॅकेट घातलेलंच हवं.

प्रश्न : रिव्हेटची बोट गळते, वेल्डेड गळत नाही, असं दुकानदार सांगतो. खरं का? (डुलुथ)

अर्धं खरं. १९४८ पासून मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स गावात बोटी बांधणारी लुंड कंपनी पत्रे जोडायला रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे धातूचे खिळे, मारते, क्रेस्टलायनर वेल्डिंग करते, आणि दोन्ही ब्रँड आज ब्रन्सविक या एकाच कंपनीचे आहेत. एक पद्धत वाईट असती तर त्यांनी ती केव्हाच सोडली असती.

रिव्हेटचा सांधा लाटेच्या माराने थोडा हलतो. वर्षानुवर्षं आपटून रिव्हेट सैल होतो आणि थेंब झिरपतो, पण तो घरच्या घरी दुरुस्त होतो. वेल्डमध्ये गळायला रिव्हेटच नसतो. मात्र वेल्डच्या उष्णतेने शेजारचा पत्रा मऊ पडतो आणि तडा गेला तर तो बहुधा वेल्डच्या कडेलाच जातो. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा टिग वेल्डर शोधावा लागतो. निवड करताना जोडापेक्षा पत्र्याची जाडी विचारा. ०.०६३ इंच म्हणजे १.६ मिलिमीटर आणि ०.१०० म्हणजे अडीच. खडकाळ धक्क्यावर रोज बोट ओढणाऱ्याला हा फरक पहिल्याच मोसमात कळतो.

प्रश्न : १९९४ सालची १६ फुटी रिव्हेटची बोट, ट्रेलर आणि इंजिनासह मिळते आहे. बघायला जाताना काय तपासू? (मॅडिसन)

सुरुवात ट्रान्समपासून. आत बहुतेक पाऊण इंची प्लायवुडचे दोन थर असतात आणि तीस वर्षांत ते कुजलेले निघणं नवल नाही. इंजिन खाली सोडा, त्याचा खालचा भाग धरून वर-खाली रेटा आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. बोट न हलता फक्त ट्रान्सम हलला तर लाकूड गेलं. क्लॅम्पखाली खड्डे पडलेत का बघा. मासे शोधायच्या सोनार यंत्राचा ट्रान्सड्यूसर (सेन्सर) लावायला पाडलेल्या स्क्रूच्या भोकांत बारीक टोच्या घाला. ओला, काळा भुसा आला तर नवा ट्रान्सम धरूनच भाव करा.

तो बदलताना नेहमीची चूक म्हणजे बागेच्या कुंपणासाठी मिळणारं औषध मारलेलं लाकूड वापरणं. त्या औषधात तांबं असतं. ओल आली की तांब्यामुळे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि लाकूड टिकून पत्र्याला भोकं पडतात. मरीन प्लायवुड घ्या, इपॉक्सीचे तीन हात द्या, कडा आणि बोल्टची भोकं सोडू नका. ट्रेलरच्या आडव्या लाकडांवर ओलं कारपेट असतं, तिथेही हाच धोका असतो. म्हणून वाकून तळाचा तेवढा पट्टा बघाच.

मग गळती. ट्रेलर समतल करा, चाकांना अडण लावा, बूच घट्ट करा आणि मागच्या बाजूला तीन-चार इंच पाणी भरा. त्याहून जास्त नको. एक घनफूट पाण्याचं वजन ६२ पौंड होतं आणि ट्रेलरवर तळाला सगळीकडे आधार नसतो. बाहेरून तळ पुसून अर्धा तास थांबा आणि ओघळ दिसेल तिथे मार्करने खूण करा. रिव्हेटच्या डोक्याभोवती करडी-काळी रेघ असेल तर तो कोरडा दिसला तरी सैल आहे.

दहा-बारा थेंबांनी सौदा मोडू नका. सैल रिव्हेट पुन्हा ठोकता येतो : एकाने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. भोक मोठं झालं असेल तर एक माप मोठा रिव्हेट. आत हात पोचत नसेल तिथे बंद टोकाचा ब्लाइंड रिव्हेट, पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून. साधा पॉप रिव्हेट मधल्या पिनेतूनच गळतो. सीलंट सुकायला बरेच दिवस लागतात, तेवढे दिवस बोट पाण्यात नेऊ नका. सिलिकॉन मुळीच नको, ते सुटतं आणि नंतर त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. घासायला स्टेनलेसचा ब्रश वापरा. साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बघत नाही. फळ्यांखालचा फोम पाणी पितो. बोट ट्रेलरसकट ट्रकच्या वजनकाट्यावर न्या आणि ट्रेलर, इंजिन, सामान वजा करून कंपनीने दिलेल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. शंभर-दीडशे पौंड जास्त निघाले तर ते पाणी आहे, आणि ते तुमच्याच कपॅसिटीतून वजा होतं.

इंजिनाचं थोडक्यात : सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक नको. गिअर ऑइल दुधाळ असेल तर सील गेलं.

प्रश्न : एकटा असलो की नाळ आकाशात जाते, पुढचं दिसत नाही. शिवाय दांडा सतत एका बाजूला ओढतो, तासाभरात मनगट दुखतं. (थंडर बे)

नाळेचं आधी. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे न्या, लांब होज आणि जाड केबल वापरून. तरी कमी पडलं तर नाळेत २० लिटर पाण्याचा कॅन ठेवा, म्हणजे २० किलो. दांड्याला एक्स्टेन्शन लावलं की तुम्हालाही दोन फूट पुढे सरकता येतं. इंजिनाचा कल ठरवणारी टिल्ट पिन एक भोक आत घ्या. शाफ्टची लांबीही मोजा : १५ इंची ट्रान्समला शॉर्ट शाफ्ट, २० इंचीला लाँग. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर खाली हवी.

ओढीचं कारण म्हणजे पंख्याचा पीळ. इंजिनाला ट्रिम टॅब (पंख्याच्या वरचं छोटं वळवता येणारं पातं) असेल तर, ज्या बाजूला बोट वळू बघते त्याच बाजूला टॅबची मागची कड थोडी सरकवा. एका वेळी अगदी थोडी, मग पाण्यात चाचणी. ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, बदलला की ओढही बदलते, म्हणून ज्या वेगात तुम्ही सर्वांत जास्त चालता त्या वेगाला जुळवा. स्टिअरिंग फ्रिक्शनचा स्क्रू घट्ट करून दांडा हातात हलका लागतो, पण तो इतका आवळू नका की अडचणीच्या वेळी वळणारच नाही.

दांडा सोडून मागे वळून काही उचलू नका. हात सुटला की इंजिन एकदम आडवं होतं, माणूस बाहेर पडतो आणि रिकामी बोट गोल फिरून त्याच्यावरच येते. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांखालच्या आणि साधारण तीन हॉर्सपॉवरहून मोठं इंजिन असलेल्या बोटीत वेगात जाताना ती लावणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही कॅनडात आहात, तरीही लावा. पुढे सरकून बसलात तर दोरीची लांबी पुन्हा तपासा.

प्रश्न : बाउंडरी वॉटर्समध्ये (उत्तर मिनेसोटातलं राखीव तळ्यांचं रान) जायचं आहे. २० हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यावं की २५ चं? (सेंट पॉल)

तिथल्या बहुतेक तळ्यांत इंजिनाला बंदीच आहे. बासवुडसारख्या मोजक्या तळ्यांवर मर्यादा २५ हॉर्सपॉवरची, काहींवर १० ची. तुमचं तळं आधी नक्की करा. वजनाचं म्हणाल तर मर्क्युरी कंपनीचं १५ आणि २० एकाच ३३३ सीसी ब्लॉकवर आहे, त्यामुळे १५ घेऊन फारसं वजन वाचत नाही. २५ चं इंजिन त्याहून मोठं आणि जड. दोघं आणि हलकं सामान असेल तर १६ फुटीला २० पुरतं. तिघं आणि तंबू असेल तर २५. दोन्हीत टॅकोमीटरवर (इंजिनाचे फेरे मोजणारं मीटर) फुल थ्रॉटलचा आकडा कंपनीने दिलेल्या पट्ट्यात येतो का बघा. कमी पडत असेल तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) पंखा लावल्यावर दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात.

प्रश्न : अशी अ‍ॅल्युमिनियम बोट आमच्या खाडीत चालेल का? (रत्नागिरी)

चालेल, पण फायबरची होडी हाताशी असेल तर ती बदलण्यासारखं काही नाही. फायबर फुटली तर मॅट आणि रेझिन लावून तिथल्या तिथे सांधते. अ‍ॅल्युमिनियम सांधणारा वेल्डर जवळपास आहे का, ते आधी बघा. घ्यायचीच ठरली तर तीन गोष्टी पाळा. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा अँटिफाउलिंग रंग लावायचा नाही. पितळी नळ किंवा फिटिंग पत्र्याला थेट टेकू द्यायचं नाही, मध्ये नायलॉन किंवा रबर घाला. खाऱ्या पाण्याला जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) लावायचा आणि तो अर्धा झिजला की बदलायचा. गोड्या पाण्यासाठी येणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड खाऱ्या पाण्यात भराभर विरघळतो. रोज परतल्यावर बोट आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवा, आणि आत कारपेट असेल तर ते काढूनच टाका, मीठ त्यातच दडून बसतं.