शमादानांना चिंच लावू नका

प्रश्न : आमच्याकडे जुन्या फ्रेंच शमादानांची (मेणबत्ती लावायच्या उभ्या दिव्यांची) जोडी आहे. ब्राँझवर सोन्याचा मुलामा आहे, असं वडील सांगत. आता ती काळपट दिसतात, मेणही साचलंय. दिवाळीआधी चिंच लावून घासू, की गुजरीत (सराफ बाजारात) नेऊन गिलीट, म्हणजे नवा मुलामा, करून घेऊ?
(एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : कृपा करून दोन्ही करू नका. समईला चिंच चालते, कारण वरचं पितळ झिजलं तरी खाली पितळच असतं. इथे सोन्याचा थर अतिशय पातळ आहे. चिंचेचं आम्ल त्यातल्या बारीक छिद्रांतून खाली उतरतं, ब्राँझमधलं तांबं खातं आणि काही दिवसांत हिरवे ठिपके वर येतात.

अठराव्या शतकात १ भाग सोनं आणि साधारण ८ भाग पारा यांचा लगदा ब्राँझवर लावून तापवत. पारा उडून जाई, सोनं चिकटून राही. त्या वाफेने कारागिरांचे देह पोखरले. मग अकीक या कठीण दगडाच्या हत्याराने फक्त उठावाचे भाग घोटत. पानाची कड झळझळीत आणि मागची जमीन मंद, हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. पॉलिशच्या चाकावर किंवा नव्या गिलिटात तो कायमचा जातो.

आधी शमादान उलटं करा. पाऱ्याच्या मुलाम्यात आतली बाजू बहुधा कोरी असते, कडेला सोन्याचे ओघळ दिसतात. आतबाहेर एकसारखा सोनेरी रंग असेल तर १८४० नंतरचं विजेचं गिलीट असण्याची शक्यता जास्त. आत सुईने हलकं ओरखडून पाहा : करडं निघालं तर ते ब्राँझ नव्हे, जस्ताचं ओतकाम. मुकुटाखाली ‘सी’ असा ठसा फ्रान्समध्ये १७४५ ते १७४९ या काळात तांब्या-ब्राँझच्या वस्तूंवर असलेल्या कराचा; पण ठसा नंतरही मारता येतो, म्हणून एवढ्यावरच विसंबू नका.

खालची चाकी (नट) फिरवून भाग सुटे करा. अडली तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबा. जोर लावला की आतली सळई तुटते. दोन शमादानांचे भाग मिसळू नका, हाताने पाडलेले आटे एकमेकांना बसत नाहीत.

मेण हेअर ड्रायरच्या कोमट हवेने मऊ करून कापसाने टिपा, उरलेलं बांबूच्या काडीने काढा. विस्तवावर धरू नका, थरात पारा शिल्लक असतो. नंतर १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रवसाबणाचे २-३ थेंब घालून कापसाचा बोळा हलका फिरवा, बिनसाबणाच्या डिस्टिल्ड वॉटरच्या बोळ्याने पुसा, लगेच कोरडं करा. बुडवून ठेवू नका. बोळ्यावर सोनेरी रंग उतरला तर तिथेच थांबा. पावसाळ्यात सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.