तास कोण मोजणार, हे आधी कागदावर घ्या

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला एका विषयाला सर्व्हिस लर्निंग (विषयाच्या अभ्यासाचा भाग म्हणून लोकांसाठी केलेलं काम) जोडलंय, जिथे पाठवलंय त्या संस्थेने तुम्हाला याद्या टाइप करायला बसवलंय, जर्नलमध्ये काय लिहायचं ते कळत नाही आणि क्षेत्रकार्य कक्षात (विद्यार्थ्यांचं फील्डवर्क आणि तासांचा हिशेब बघणाऱ्या कार्यालयात) विचारलं तर ‘सध्या तास भरा, बाकीचं नंतर बघू’ असं उत्तर मिळतं. ते शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे. शिकत असताना आम्हालाही ते तसंच्या तसं ऐकवलं गेलं होतं, आणि ‘नंतर’ काय झालं ते सांगायलाच हे लिहितेय.

आधीच सांगते, मी शिकवत नाही, एका संस्थेत काम करते. विद्यापीठागणिक नियम बदलतात, तेव्हा माझं म्हणणं तुमच्या विभागाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून बघा. ओळख-भेटी, गटचर्चा, रेकॉर्डिंग (म्हणजे कामाच्या लेखी नोंदी) यांबद्दल वर्गात सांगितलं असेलच, ते सोडून देते.

आमचा गट समुदाय संघटनाच्या विषयासाठी एका छोट्या संस्थेकडे गेला होता. तिथल्या ज्येष्ठांचे पेन्शनचे अर्ज अडकले होते, आणि काम त्यांनीच सांगितलं: कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर कशामुळे थांबलाय याची यादी करा, पण आम्हाला वाचता येईल अशी करा. म्हणजे मोठ्या अक्षरात, संक्षेप न वापरता. माणसं संध्याकाळी भेटायची, म्हणून आम्ही संध्याकाळी जायचो. संस्थेच्या समन्वयक बाईंचा त्या कामातला हात फार चांगला होता, पण त्यांच्याकडे समाजकार्याची पदवी नव्हती.

सत्र निम्म्यावर आल्यावर कक्षाने आमचे तासांचे तक्ते परत पाठवले. सही करणारी व्यक्ती समाजकार्याची पदवीधर नाही. कामाची वेळ कार्यालयीन वेळेबाहेरची आहे. शिवाय याच संस्थेत दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं फील्डवर्क चालू आहे, म्हणून आमचे तास ‘दुबार’ ठरतात. यातला एकही नियम आधी कुणी सांगितला नव्हता. लेखी द्या म्हटलं, तर ‘तोंडी सांगितलंय ना’. विषयाच्या मॅडम आमच्या बाजूने होत्या, पण तास मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतं. पुढे टेबलावरचा माणूस बदलला आणि नव्या माणसाकडे आमची फाइलच नव्हती. निकाल राखून ठेवला गेला. ते एक वेळ परवडलं, कारण तो उशिरा का होईना लागला. पण कक्षाने संस्थेला दिलेलं पत्रही मागे घेतलं आणि यादी अर्धवट राहिली. ज्यांनी आमच्यासमोर पिशव्या उघडून कागद दाखवले होते, त्यांना काय उत्तर द्यायचं हे ठरवायला कक्षातलं कुणी आलं नाही. समन्वयक बाईंनीच घरोघरी जाऊन सांगितलं. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

माझ्या मते मूळ घोळ असा की कक्ष दोन वेगळ्या गोष्टी एकाच फुटपट्टीने मोजत होता. फील्डवर्क मुख्यतः विद्यार्थ्याला व्यावसायिक म्हणून घडवण्यासाठी असतं. तिथे प्रशिक्षित पर्यवेक्षक आणि तासांचा हिशेब हवाच. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी परिषद पदवीला किमान 400 आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाला किमान 900 तास क्षेत्रशिक्षण, म्हणजे फील्डवर्कच, मागते, त्यामागे हेच कारण आहे. सर्व्हिस लर्निंग एका विषयाला बांधलेलं असतं आणि त्यात दोन्ही बाजूंचा फायदा बघायचा असतो. सर्व्हिस लर्निंगचे अमेरिकन अभ्यासक अँड्र्यू फर्को यांनी 1996 मध्ये हा फरक मांडला: स्वयंसेवेचा भर सेवा घेणाऱ्यावर, क्षेत्रशिक्षणाचा आणि इंटर्नशिपचा शिकणाऱ्यावर, आणि सर्व्हिस लर्निंगने या दोन्हींचा तोल सांभाळायचा. ही मांडणी आमच्या विषयाच्या वाचनसूचीत पहिल्या पानावर होती. कक्षाच्या फॉर्मवर मात्र रकाने होते ते तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही, शिक्का. लोकांना काय मिळालं, याला रकाना नव्हता.

म्हणून माझा सल्ला एकच, आणि तो जरा हट्टी आहे. एक पानाचं पत्र तयार करा आणि पुढच्या भेटीआधी त्यावर विषयाच्या शिक्षकांची, संस्थेची आणि कक्षाची सही घ्या. काम कुणी मागितलं, कोणते तास धरले जातील (प्रवास, संध्याकाळ, सुट्टीचा दिवस, घरी बसून केलेलं टायपिंग), सही कुणाची चालेल, आणि सत्र संपल्यावर हे काम कुणाकडे जाईल, एवढं त्यात असू द्या. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. कक्ष सही करायला तयार नसेल तर तेच मुद्दे ईमेलने पाठवा आणि ‘अमुक तारखेपर्यंत बदल न कळवल्यास हेच धरून काम सुरू ठेवत आहोत’ असं शेवटी लिहा. याने कक्ष बांधला जातोच असं नाही, पण टेबलावरचा माणूस बदलला तरी ईमेल राहतो. प्रत शिक्षकांना ठेवा, विभागप्रमुखांना पहिल्याच झटक्यात नको. (काही जण थेट वर जा म्हणतील. मला ते पटत नाही, पुढची दीड-दोन वर्षं त्याच कक्षाशी गाठ आहे.)

‘काम कुणी मागितलं’ हा प्रश्न वरवरचा वाटेल. या क्षेत्रातले सुरुवातीचे अमेरिकन मांडणीकार रॉबर्ट सिग्मन यांनी 1979 मध्ये सर्व्हिस लर्निंगची तीन तत्त्वं मांडली, त्यातलं पहिलंच असं की ज्यांच्यासाठी सेवा आहे, तिच्यावर ताबा त्यांचा हवा. तिसरं तुमच्या कामाचं आहे: सेवा देणाराही शिकणारा असतो आणि काय शिकायचं यावर त्याचाही बराच अधिकार असतो. संस्थेशी बोलताना याचा आधार घ्या, भांडण वाटत नाही.

आता टायपिंग. ते हलकं काम आहे असं मला वाटत नाही. यादी कुणाची आहे, ती पुढे कोण वाचणार, तिच्यावरून कुणाला काय मिळणार किंवा नाकारलं जाणार, हे संस्थेला विचारा. उत्तर मिळालं तर तुमच्या विषयाशी दुवा तिथेच सापडेल. उत्तरच नसेल तर ते फुकटचं मनुष्यबळ आहे, शिक्षकांना स्पष्ट सांगा. 1968 मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत आलेल्या अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं होतं की मदत करायला येऊच नका. मी इतकी टोकाची नाही, पण काही संस्थांमध्ये ते भाषण आठवतं.

जर्नलमध्ये ‘खूप काही शिकायला मिळालं’ लिहू नका, तपासणारा ते वाचतही नाही. आमच्याकडे एक आजी कागदांची पिशवी हातात देत नसत. स्वतः एक कागद काढायच्या, आम्ही तो मोठ्याने वाचायचा, त्या तो आत ठेवायच्या, मग पुढचा. पहिल्यांदा मी नोंद केली, ‘वेळ फार जातो, सहकार्य कमी’. दोन कागदांवर त्यांचं नाव वेगवेगळं लिहिलेलं निघालं, आणि याआधी कुणीतरी मूळ कागद नेऊन परत दिला नव्हता, हे कळल्यावर त्याच नोंदीखाली वेगळ्या शाईने लिहिलं की हे असहकार्य नाही, स्वतःच्या कागदांवर ताबा ठेवणं आहे, आणि स्वयंनिर्णयाचं तत्त्व (आपल्याबद्दलचे निर्णय ज्याने-त्याने घ्यायचे) आपण परीक्षेत लिहितो ते हेच. मॅडमनी खूण केली ती याच पानावर. आधी काय वाटलं ते खोडू नका, दोन्ही राहू द्या.

किरकोळ: तासांच्या तक्त्याचा दर आठवड्याला फोटो काढून ठेवा, शिक्का त्याच दिवशी घ्या. जर्नलमध्ये खरी नावं नकोत, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर लोकांचे चेहरे तर नकोतच, कक्षाने ‘फोटो लावा’ म्हटलं तरी.

सर्व्हिस लर्निंग नेमकं कोणत्या विषयाला जोडलंय आणि याद्या कसल्या आहेत, हे तुमच्या पोस्टमध्ये नाही. ते लिहिलंत तर पत्राचा मसुदा कसा असावा ते सांगता येईल.