पन्नास रुपये दंड भरून सुटलेल्याने पुन्हा कुत्रा आणला, तर?

प्रश्न : मी इंदूरच्या सुदामानगरात राहते. वाचवलेले एक पिल्लू मी गल्लीतल्या एका गृहस्थांना दत्तक दिले होते. त्यांनी काठीने मारून त्याचा पाय मोडला. कोर्टात गुन्हा कबूल केला आणि पन्नास रुपये दंड भरून ते सुटले. पिल्लू आता माझ्याकडे आहे. त्या घटनेला पावणेदोन वर्षे झाली आणि आता त्यांनी नवा कुत्रा आणलाय, तो दिवसभर आखूड साखळीला बांधलेला असतो. अशा लोकांची नावे आणि फोटो यांची यादी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का? त्यांना कुत्रा पाळण्यापासून रोखता येईल का?

उत्तर : ताई, यादी टाकू नका. रोखता मात्र येईल, पण त्याची तयारी तक्रारीच्या पहिल्या कागदापासून करावी लागते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने 2010 मध्ये प्राण्यांचा छळ करणाऱ्या दोषींची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याचा कायदा केला. टेनेसीत 1 जानेवारी 2016 पासून ती राज्यभर आहे. पहिल्या दोषसिद्धीनंतर नाव दोन वर्षे राहते, पुन्हा गुन्हा झाला तर पाच वर्षे. आपल्याकडे अशी नोंदवही नाही. आपल्याकडे आहे ते पशुक्रूरता प्रतिबंध अधिनियम, 1960 चे कलम 29, आणि ते फारच कमी वापरले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

या कलमाच्या उपकलम 3 प्रमाणे दोषी व्यक्तीला ठरावीक काळ किंवा कायमचे कोणताही प्राणी ताब्यात ठेवायला न्यायालय मनाई करू शकते. पण उपकलम 4 च्या तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली, आधीची दोषसिद्धी, त्या माणसाचे वर्तन किंवा प्राण्याला दिलेली वागणूक यांवरून पुढेही छळ होईल असे पुराव्याने दिसले पाहिजे. दुसरी, दोषसिद्धीनंतर असा आदेश मागण्याचा तक्रारदाराचा इरादा मूळ तक्रारीतच लिहिलेला हवा. तिसरी, तो प्राणी पाळायला जिथे कायद्याने परवाना लागतो अशा भागात गुन्हा घडलेला हवा. बहुतेक प्रकरणे दुसऱ्या अटीवर अडतात, कारण ठाण्यातून कागद ठरलेल्या साच्यात जातो. तुमच्या पहिल्या प्रकरणात ते वाक्य नसेल, तर त्या निकालावर आता मनाई मिळणार नाही. तरी तो निकाल तुमचा सर्वात मोठा पुरावा आहे. न्यायालयाच्या नकल शाखेत (निकालांच्या प्रती देणारा विभाग) अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत आजच मागवा.

आता नव्या कुत्र्याकडे वळू. आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे, पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हे कलम 11(1) मधले वेगवेगळे गुन्हे आहेत. पहिल्यांदा 10 ते 50 रुपये दंड. मागचा गुन्हा घडल्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा झाला तर 25 ते 100 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही तीन वर्षे निकालापासून मोजत नाहीत, मागच्या गुन्ह्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे तुमच्या हाती सव्वा वर्ष आहे.

पण कलम 36 विसरू नका. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर तो चालवताच येत नाही. हे गुन्हे अदखलपात्र असल्याने ठाण्यात नोंद घेऊन तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतील. त्या नोंदीची प्रत घ्या आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 खाली मॅजिस्ट्रेटपुढे थेट परिवाद, म्हणजे लेखी तक्रार, दाखल करा. न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी आरोपीला बाजू मांडायची संधी मिळते, तेव्हा कागद आधीच पक्के हवेत. कामकाज हिंदीत चालते, म्हणून परिवादात हे वाक्य जसेच्या तसे घाला : “अभियुक्त के दोषसिद्ध होने पर परिवादी, पशु क्रूरता निवारण अधिनियम की धारा 29(3) के अंतर्गत आदेश की प्रार्थना करेगी।” तिसऱ्या अटीसाठी कुत्र्याच्या परवान्याचा नियम नगर निगमाकडून लेखी मिळवा. माहिती अधिकाराच्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी टाका.

पुरावा म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या वेळांचे व्हिडिओ आपल्या गच्चीवरून किंवा रस्त्यावरून घ्या. त्यांच्या अंगणात पाऊल टाकू नका. एकच क्लिप असेल तर “तेवढ्यापुरते बांधले होते” असा बचाव हमखास येतो. व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. जखम दिसली तर सरकारी पशुवैद्यकाकडून किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून तपासणीचा लेखी अहवाल घेता येईल असे बघा.

प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा लुळापांगळा करणे यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 325 आहे. तो गुन्हा दखलपात्र असून पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण हे कलम मालमत्तेच्या नुकसानीवर उभे आहे, त्यामुळे स्वतःच्या कुत्र्याबाबत “माझाच होता” हा बचाव घेतला जातो.

यादीबद्दल सांगायचे, तर त्याच न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. मजकूर खरा असणे पुरेसे नाही, तो लोकहितासाठी होता हेही दाखवावे लागते. ज्यांच्यावर गुन्हा सिद्धच झाला नाही अशी नावे तुमच्या यादीत असतील, तर तक्रारदार असलेल्या तुम्हीच आरोपी व्हाल. न्यायालयीन कामकाजाचे खरे वृत्त देणे अपवादात मोडते. त्यामुळे पिल्लू देण्याआधी कुणी विचारले, तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरचा प्रकरण क्रमांक आणि निकालाची प्रत त्या एका माणसाला दाखवा, गल्लीच्या ग्रुपवर नको.

पुढच्या वेळी पिल्लू देताना स्टॅम्प पेपरवर करार करा : पहिले वर्ष मालकी तुमची, घेणाऱ्याकडे फक्त सांभाळ, आणि छळ दिसताच प्राणी परत. मालकी तुमची राहिली, तर कलम 325 वरचा “माझाच होता” हा बचाव त्याला घेता येणार नाही.