अक्षता शर्टात गेल्या

पत्र (थोडं कापून): «मावशी, माझा मुलगा सातवीत आहे. शाळेने त्याची पार वाट लावली. उत्तर गाइडमधल्यासारखं नसलं की मार्क कापतात, चित्रातलं आकाश निळंच लागतं. आमचे अक्कलकोट रोडला माग आहेत, म्हणून सांगते, शाळा म्हणजे यंत्रमागच झालीय, एका नक्षीच्या चादरी काढणारा. लहानपणी गोष्टी रचणारा पोरगा आता वही उघडली की ‘काय लिहू?’ एवढंच विचारतो. परवा गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेवर निबंध होता, तर देवाचं लग्न दिसलंच नाही, पुढच्या आजोबांची पांढरी बाराबंदी दिसली, अक्षता शर्टात गेल्या, असलं काहीतरी लिहून बसला. मी खोडून नीट लिहून दिलं म्हणून दहापैकी आठ तरी मिळाले. त्याला पुण्याच्या एखाद्या प्रयोगशील शाळेत घालू का? – एक आई, सोलापूर»

दहापैकी आठ कुणाला मिळाले गं?

चार पानी पत्रातली साडेतीन पानं तू शाळेवर खर्च केलीस आणि हे एक वाक्य जाता जाता टाकून दिलंस. मी तिथेच अडकले. तू काय लिहून दिलं असशील ते न वाचता सांगते: बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांनी स्थापलेली 68 लिंगं, मानाचे 7 नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा म्हणजे ते प्रतीकात्मक लग्न, शेवटी शोभेचं दारूकाम. चूक काहीच नाही. सोलापुरातल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवलं तरी सांगेल. तपासणाऱ्या बाईंनीसुद्धा त्या दिवशी हाच निबंध चाळीस वेळा वाचला असणार.

पण नंदीध्वज उंच असतो, तो लांबूनही दिसतो. लग्न लागतं खाली. गर्दीत उभ्या असलेल्या सातवीतल्या पोराला ते दिसत नाही, त्याला समोरच्या म्हाताऱ्याची पांढरी पाठ दिसते आणि मागून आलेले तांदूळ कॉलरमधून आत उतरतात. इतकी वर्षं यात्रा बघतेय मी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या पोराने सांगितलं, आणि तू खोडरबर घेऊन बसलीस!

शाळेची बाजू मी घेत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारतात, म्हणजे मुलाने स्वतःचं मत लिहायचं, आणि बाजारातल्या गाइडात ते स्वमतही तयार छापलेलं मिळतं. हसावं की रडावं? पण ते गाइड दुकानातून घरी कोण आणतं, बघ की.

मागाचा दाखला तूच दिलास, तर तुझ्याच घरच्या धंद्याचं बोलू. जॅकार्डचा माग नक्षी ठरवत नाही. कार्डाला जिथे भोकं पाडलेली असतात तसे तो ताण्याचे धागे उचलतो, बस्स. शाळा माग असेल, मान्य. कार्डाला भोकं रोज रात्री जेवणं झाल्यावर तुझ्या घरात पडतायत. पोरगा ‘काय लिहू?’ विचारतो ते म्हणूनच. आपण लिहिलेलं कुणीतरी पुसणारच आहे हे त्याला कळलंय, मग आधीच विचारलेलं काय वाईट? हुशार आहे तो.

पुण्याला धाडू नकोस. तिथेही खोडरबर बॅगेतून जाईल, आणि पहिल्या सुट्टीत तू वह्या तपासशील.

एकच कर. पुढचा निबंध त्याने जसा लिहिला तसा शाळेत जाऊ दे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं, शेवट नसलेला, आकाश हिरवं असलेला, कसाही. दहापैकी तीन आले तर त्या तिनाखाली सही कर आणि चेहरा नीट ठेव. हे सगळ्यात अवघड आहे, मला ठाऊक आहे. माझ्या लेकीच्या वह्या मीही तपासल्यात, आणि ती आज मला चार ओळींचा मेसेजसुद्धा दोनदा पुसून पाठवते.

आज रात्री आणखी एक. त्याच्याशेजारी बस, पेन लांब ठेव, आणि तो खोडलेला निबंध तोंडी सांगायला लाव. त्या बाराबंदीवाल्या आजोबांनी मागे वळून पाहिलं का? आणि घरी येऊन शर्ट काढला तेव्हा अक्षता किती निघाल्या? मला कळव.