कालवडीच्या गव्हाणीत पेंड, कोंडा आणि वाडं

सहा महिन्यांच्या आतल्या वासराला कोंडा-चुणीच्या (चुणी म्हणजे डाळ भरडताना उरलेला चुरा) भरवशावर ठेवू नका. त्याचं पोट अजून तयार होत असतं. दूध, काफ स्टार्टर (लहान वासरांसाठीचा खास खुराक) आणि कोवळा चारा हाच त्याचा आहार. कोंडा-चुणीचा खरा उपयोग सहा महिन्यांनंतर.

१०० किलो मिश्रणाला मका भरडा ३५, शेंगपेंड २५, भाताचा कोंडा २०, तूरचुणी १२, मोलॅसिस (उसाची मळी) ५, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. वर्षाच्या आतल्या कालवडीला रोज दीड ते दोन किलो, दोन वेळा विभागून. नवीन मिश्रण दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवा. एकदम दिलं की पातळ शेण ठरलेलं.

पेंडेकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. ढेप फोडा, आतून हिरवट-काळी झाक किंवा कुबट वास आला तर सगळं पोतं बाजूला. बुरशीचं विष यकृतावर बसतं, वाढ खुंटते, आणि उन्हात वाळवून ते जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. तेल न काढलेला कोंडा लवकर खवट होतो. पंधरा दिवसांपुरताच आणा.

उसाचं वाडं गळीत हंगामात स्वस्त मिळतं म्हणून नुसतं तेच घालतात, ते चुकतं. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, नेमकं हाडं वाढायच्या वयात. कुट्टी करून निम्म्याहून कमी ठेवा, जोडीला मक्याचा चारा आणि लसूणघास द्या.